कच्ची वही

तारकर्लीहून देवबागकडे जाताना जमीन अरुंद होत जाते. डावीकडे कर्लीची खाडी, उजवीकडे समुद्र. या पट्टीवरच्या एका वाडीत, माडांच्या सावलीत अंगणवाडी भरली आहे. ऑक्टोबरातली सकाळ, दहा वाजून गेलेत, हवा दमट. आज वजनाचा दिवस.

सेविकाबाईंनी काटा भिंतीपासून दूर, सपाट लादीवर ठेवलाय. पोरं चपला काढून रांगेत उभी आहेत. रांग म्हणजे म्हणायला रांग. पुढचा मागच्याला ढकलतोय, एक मुलगी काट्यावरून उतरायलाच तयार नाही, कारण आकडे लुकलुकताना तिला बघायचेत. मदतनीसबाई आत उसळ शिजवताहेत, तिथून त्यांचा दरडावणारा आवाज येतो आणि दोन मिनिटं सगळं शांत होतं. दोन वर्षांखालच्या बाळांची लांबी आडवं झोपवून मोजतात. सात महिन्यांचं एक बाळ मोजपट्टीवर पाय आखडून घेतं. बाई त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवतात, आई डोकं धरते, तेवढ्या क्षणात आकडा वाचायचा.

आकडा लगेच मोबाईलमध्ये जात नाही. रेंज येते-जाते. म्हणून बाई आधी लांबट, कोपरे दुमडलेल्या वहीत लिहितात. ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते: फोनची क्षमता तोकडी आणि ॲप इंग्रजीत. आता ते मराठीत आहे. उंची, वजन, वय भरलं की पोरगं कोणत्या रंगात बसतं ते ॲपच सांगतं. बाईंना मात्र आलेखाच्या रेषा तोंडपाठ आहेत, रंग दिसायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावर कळतो.

आता काट्यावर उभा आहे तो तीन वर्षांचा मुलगा. ११ किलो १०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार या वयाच्या मुलग्याची खालची रेष ११.३ किलोवर जाते. म्हणजे पिवळा.

त्याला न्यायला आजी आलीय. आई तारकर्लीतल्या एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात आहे, हंगाम सुरू झालाय, तिला दुपारपर्यंत हलता येत नाही. बाप गोव्यात ट्रॉलरवर खलाशी. आजीला आलेख दाखवला तर ती आलेखाकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघते.

“वजन घटला काय गो?”

“घटूक नाय काकी. पण व्हया तितका वाढूक नाय.”

मग पेज किती खातो, अंडं देता का, मासळीचा काटा काढून भरवता का, अशी विचारपूस होते. आजीचं उत्तर एकच, “सगळा दितंव, पण खाना नाय.” आवाजात थोडा राग आहे. पिवळा रंग म्हणजे आपल्या घराला दिलेला शेरा, असं तिनं धरलंय. पालकाच्या हातात नुसता आकडा ठेवला की हे होतंच. मी शहरातही पाहिलंय.

बाई वहीचं पान उलटतात. मागच्या बाजूला, हजेरीच्या रकान्याबाहेर, पेन्सिलीनं काही ओळी आहेत. त्या वाचून दाखवत नाहीत, नुसत्या बघून बोलतात. “काकी, ह्यो घराक बोलता काय?”

“खय बोलता! एक शबुद नाय.”

“हय बोलता. काल खिडकीतसून बघल्यान आणि माका सांगल्यान, ‘बाई, होडी इली.’”

आजी क्षणभर गप्प राहते. मग पोराला जवळ ओढते. “खरा सांगतस?” आणि लगेच कमरेचा फोन काढते. “आजच झिलाक सांगतंय.” पिवळ्या रंगाचं बोलणं आता तिला ऐकू येतं. अंड्याचं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवण्याचं ती नीट ऐकून घेते, पुन्हा विचारते.

गर्दी ओसरल्यावर मी ती वही मागते. मागची पानं अशीच भरलेली. नावांऐवजी खुणा. ‘मातीत गोल काढला.’ ‘पहिल्यांदा डबा स्वतः उघडला.’ ‘दोघींत भांडण, मिटवलं पण तिनंच.’ ‘आज रडला नाही.’ बाई ही वाक्यं ॲपात भरत नाहीत. कुणी मागितलेली नाहीत. “माका आठवणीत ऱ्हवना नाय, म्हणान लिवतंय,” एवढंच त्या म्हणतात.

न्यूझीलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ मार्गारेट कार यांनी हेच केलं. मुलानं काय केलं याची छोटी गोष्ट लिहायची, ती घरच्यांना वाचायला द्यायची, आणि तेच मूल्यमापन मानायचं. जगभरच्या अनेक बालवाड्यांनी ती पद्धत उचलली. इंग्लंडमध्ये दोन ते तीन वर्षांच्या वयात मुलाच्या प्रगतीचा लेखी गोषवारा पालकांना द्यावाच लागतो, घरी मुलं सांभाळणाऱ्या बायांनीसुद्धा. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं, तेव्हा अंगणवाडी भरायची ती मुलांच्या अंगणात, घरच्यांच्या डोळ्यांसमोर. मूल काय करतं हे आईला वेगळं कळवावं लागत नव्हतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडी देशभर गेली, तिच्याबरोबर नोंदवह्याही गेल्या. कुपोषण शोधायला त्या लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण वह्यांतली माहिती वर जाते, पर्यवेक्षिकेकडे, प्रकल्पाकडे, मंत्रालयाकडे. दारातल्या आजीकडे जातं ते बाईंच्या तोंडून, वेळ मिळाला तर.

आणि वेळ कुठे जातो ते समोर दिसतंय. घरी न्यायच्या आहारासाठी तीन आया आल्यात. जुलै २०२५ पासून त्यासाठी चेहरा ओळखून नोंद करावी लागते. एकीनं पदर मागे घेतलाय, फोनसमोर डोळे मिचकावतेय, चेहरा जुळत नाही. उजेडात या, अंगणात या, पुन्हा एकदा. अंगणात रेंज बरी आहे पण ऊन आहे. या तिघींपैकी एकीचीही पोर काय शिकली याबद्दल आज एक वाक्य होत नाही. त्या पाकिटं घेऊन निघून जातात. बाई हातानं कपाळ पुसतात आणि नंतर आलेल्या चौथीला बोलावतात.

माझं मत सरळ आहे. मागच्या पानांवरच्या ओळींना कागदावर जागा मिळाली पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्ड जवळजवळ प्रत्येक घरात असतं. त्यात बाळ कधी हसतं, बसतं, बोलतं याची चित्रं आहेत, पण पुष्कळ कार्डांत लसीकरणाचं पान तेवढं मळलेलं दिसतं, चित्रांची पानं कोरी करकरीत. महिन्याला एक ओळ त्या पानावर बाईंनी लिहावी आणि ती लिहायला लागणारी पाच मिनिटं कामाच्या वेळेत धरावीत. नवं ॲप नको.

तोवर तुमचं पोर अंगणवाडीत जात असेल, किंवा शहरात कुणा काकूंकडे पाळणाघरात राहत असेल, तर न्यायला जाल तेव्हा जेवला का, झोपला का, वजन किती, हे विचारून झाल्यावर आज काय केलंन हेही विचारा. आणि घरी तो काय करतो ते त्यांना सांगा; तेवढं त्यांना कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही.