बोट रुंद, रस्ता अरुंद! परदेशात ट्रेलर नेताना पाच सेंटिमीटर का महागात पडतात?

मंडळी, उरण-पनवेल रस्त्यावरून कधी गेला असाल तर हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलरमागे ट्रेलर, आणि प्रत्येकावर न्हावाशेवा बंदरातून आलेला किंवा बंदरात निघालेला कंटेनर. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, कुणी ४० फुटी तर कुणी २० फुटी. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी असते, ती म्हणजे रुंदी. बरोबर ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर.

आता समजा, याच रस्त्याने कंटेनरऐवजी एक बोट निघाली आहे. छोटी शिडाची बोट, चाकांच्या ट्रेलरवर बांधलेली, आणि जायचं आहे जर्मनीला किंवा ऑस्ट्रेलियाला. बोट समुद्रासाठी बनलेली, समुद्रात जागाच जागा. पण तिकडे बंदरात उतरली की पुढचा प्रवास रस्त्यानेच. आणि तिथे पहिला प्रश्न येतो: हिची रुंदी किती?

उत्तर चार-पाच सेंटिमीटरने चुकलं तरी ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही. असं का? आणि मग त्या ट्रेलरचं करायचं काय? चला, समजून घेऊया.

रुंदीचा नियम आला कुठून?

साधा हिशेब करूया. आपल्याकडे महामार्गाची एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद असते. त्यात २.५ मीटरचं वाहन अगदी मधोमध चाललं तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागा उरते. वाहन ३ मीटरचं झालं की हीच जागा २५ सेंटिमीटरवर येते. शेजारून दुचाकी जात असेल, समोरून एसटी येत असेल, तर २५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून प्रत्येक देशाने वाहनाच्या रुंदीवर मर्यादा घातली आहे.

कंटेनर ८ फुटांचाच का, याचं उत्तरही रस्त्याच्या नियमातच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ५८ कंटेनर घेऊन निघालं. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून मानली जाते. त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक रस्त्यांवर ट्रकला ९६ इंचांची, म्हणजे ८ फुटांची मर्यादा होती. पेटी ट्रकवर चढायची होती, म्हणून ती ८ फुटांची झाली. पुढे अमेरिकेने १९८२ मध्ये मोठ्या महामार्गांवर मर्यादा १०२ इंच केली, पण कंटेनर ८ फुटांचाच राहिला. आज करळ फाट्यावर दिसणारी रुंदी ही त्या जुन्या नियमाची देणगी आहे!

कोणत्या देशात किती?

ही यादी जरा नीट पाहा:

- भारत: २.६० मीटर (केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९३)
- अमेरिका: १०२ इंच, म्हणजे २.५९ मीटर. काही राज्यांत लहान रस्त्यांवर अजूनही ९६ इंच
- युरोपीय संघ: २.५५ मीटर. जाड भिंतींच्या रेफ्रिजरेटेड गाड्यांना २.६० मीटर
- ब्रिटन: कार किंवा छोट्या व्हॅनमागच्या ट्रेलरला २.५५ मीटर
- न्यूझीलंड: २.५५ मीटर
- ऑस्ट्रेलिया: हलक्या ट्रेलरला २.५० मीटर
- जपान: २.५० मीटर

दिसायला फरक किरकोळ आहे. पण आपल्याकडे २.६० मीटरचा ट्रेलर पूर्णपणे कायदेशीर, आणि तोच जर्मनीत ५ सेंटिमीटरने, ऑस्ट्रेलियात १० सेंटिमीटरने बेकायदेशीर! रुंदी मोजताना आरसे धरत नाहीत. युरोपात टायरचा जमिनीपाशी फुगलेला भागही सोडून देतात. पण मडगार्ड मात्र मोजतात. आणि बोटीच्या ट्रेलरचा सगळ्यात रुंद भाग बहुतेक वेळा मडगार्डच असतो.

ट्रेलरची रुंदी वेगळी, बोटीची वेगळी

बहुतेक लोक इथेच फसतात. ट्रेलर हे वाहन, तर बोट हा त्यावरचा माल. कायदा या दोघांना एकच नियम लावेल असं नाही.

समजा ट्रेलर २.५० मीटरचा आहे आणि बोट २.७० मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर. ब्रिटनमध्ये माल प्रत्येक बाजूला ३०५ मिलिमीटरपर्यंत बाहेर आलेला चालतो, फक्त एकूण रुंदी २.९० मीटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे ही बोट तिथे बिनधास्त रस्त्यावर येऊ शकते. तीच बोट फेरीने खाडी ओलांडून जर्मनीत गेली की अडकली. जर्मनीत वाहन आणि माल मिळून २.५५ मीटर, त्यापुढे खास परवानगी लागते. आणि आपल्याकडे? माल वाहनाच्या बाजूने बाहेर यायलाच नको, असा नियम आहे. त्याहून मोठं काही न्यायचं असेल तर ते 'ओडीसी', म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो ठरतं आणि त्याची वेगळी परवानगी काढावी लागते.

म्हणून प्रश्न दोन विचारायचे. ट्रेलर किती रुंद चालेल? आणि त्यावरचा माल किती बाहेर आलेला चालेल?

ट्रेलर अरुंद करायचा कसा?

बोट कापता येत नाही, त्यामुळे बदल ट्रेलरमध्येच करावे लागतात. सोप्यापासून अवघडापर्यंत हे पर्याय आहेत:

१. मडगार्ड बदलणे. जादा रुंदी फक्त मडगार्डमुळे असेल तर काम स्वस्तात होतं. टायरला लागून बसणारे अरुंद मडगार्ड लावायचे. मात्र टायरची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. मडगार्ड काढूनच टाकणं हा उपाय नाही.

२. रिम बदलणे. चाक हबवर किती आत बसतं, हे रिमच्या ऑफसेटवर ठरतं. प्रत्येक चाक २० मिलिमीटर आत घेतलं तर एकूण रुंदी ४० मिलिमीटरने कमी होते. अमेरिकेतला २.५९ मीटरचा ट्रेलर युरोपच्या २.५५ मध्ये बसवायला एवढं पुरतं, पण मडगार्डही तेवढेच आत घ्यावे लागतात. टायर कमानपाट्याला किंवा चासीला घासत नाही ना, आणि बेअरिंगवर येणारा भार मर्यादेत आहे ना, हे आधी तपासायचं.

३. पूर्ण ॲक्सल बदलणे. फरक जास्त असेल तर कमी लांबीचा नवा ॲक्सल. जुना ॲक्सल मधून कापून वेल्डिंग करून आखूड करण्याचा मोह होतो, पण तो टाळाच. सगळं वजन ज्या दांड्यावर आहे त्याच्या मधोमध जोड आला, तर तो कधी दगा देईल सांगता येत नाही. ॲक्सलवर वजनक्षमतेचा शिक्का असतो. कापलेल्या ॲक्सलच्या बाबतीत त्या शिक्क्याला काही अर्थ उरत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही नेमका हाच प्रश्न विचारणार.

४. बोट चाकांच्या वर घेणे. काही ट्रेलरमध्ये बोट दोन चाकांच्या मधे खाली बसते. चाकं आत घेतली की ती जागा कमी पडते आणि बोट वर उचलावी लागते. इथे खरा धोका सुरू होतो.

अरुंद केला की उलटण्याची भीती का वाढते?

गणित अगदी सोपं आहे. दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आकडा जितका मोठा, तितका ट्रेलर वळणावर स्थिर.

समजा चाकांमध्ये २.२० मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य १.२० मीटरवर आहे. १.१० भागिले १.२०, म्हणजे ०.९२. चाकं १० सेंटिमीटर जवळ आणली तर आकडा ०.८८ होतो. फार फरक नाही. पण त्यासोबत बोट २० सेंटिमीटर वर घेतली तर? १.०५ भागिले १.४०, म्हणजे ०.७५. स्थिरता जवळपास १८ टक्क्यांनी कमी! घाटातल्या वळणावर हे लगेच जाणवेल. म्हणजे नियमात बसवायच्या नादात ट्रेलर उलट जास्त धोकादायक होऊ शकतो. त्यामुळे रुंदी कमी करताना उंची शक्यतो वाढवायची नाही, हे कायम लक्षात ठेवा.

मग रुंद बोटी जातात कशा?

ज्यांना सतत देशोदेशी फिरावं लागतं, त्यांनी बोटीच तशा बनवल्या. ऑलिंपिकमधली 'फोर्टीनायनर' ही बोट पंखांसकट सुमारे २.९ मीटर रुंद होते, पण तिचे दोन्ही पंख नेण्यासाठी आत घेता किंवा काढता येतात. मालव श्रॉफ आणि सुमित पटेल २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरले होते. न्यूझीलंडच्या इयन फॅरियर यांनी घडी होणारी तीन बुडांची बोट बनवली. त्यांची एफ-२७ पाण्यावर सुमारे ५.८ मीटर रुंद असते आणि घडी घातल्यावर २.६ मीटरच्या आत येते.

दुसरा उपाय म्हणजे बोट तिरपी ठेवणे. तीन मीटरची सपाट फळी ४५ अंशांत ठेवली तर तिची आडवी रुंदी २.१२ मीटरच भरते. जोडबुडांच्या बोटी असे कलते ट्रेलर वापरून नेता येतात. फक्त रुंदीत वाचलेलं उंचीत जातं, त्यामुळे वाटेतल्या पुलांची उंची आधी पाहावी लागते.

आणि जिचं यातलं काहीच करता येत नाही, ती? आपल्या मुंबईत बांधलेली 'सुहेली' आठवा. सागवानाची ही बोट सुमारे ३.४ मीटर रुंद. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ती इथून समुद्रमार्गेच इंग्लंडला घेऊन गेले, आणि १९६८-६९ मध्ये तिच्यातूनच त्यांनी कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. सगळ्या महासागरांत मावलेली ही बोट यादीतल्या एकाही देशात खास परवानगीशिवाय रस्त्यावर आली नसती!

न्हावाशेवातून पाठवण्याआधी

परदेशातला नियम तर पुढे लागतो, पहिली अडचण इथेच येते. कंटेनरच्या दाराची रुंदी साधारण २.३४ मीटर. म्हणजे २.५५ मीटरचा नियमात बसणारा ट्रेलरही कंटेनरमध्ये जोडलेल्या स्थितीत जाणार नाही. म्हणून मडगार्ड आणि ॲक्सल वेल्डिंगऐवजी नटबोल्टने बसवलेले असतील तर दुहेरी फायदा: इथे सोडवून कंटेनरमध्ये घालता येतात आणि तिकडे गरज पडली तर बदलता येतात.

शिवाय तीन गोष्टी तपासा:

- युरोपात १.६ मीटरहून रुंद ट्रेलरला पुढच्या बाजूला पांढरे दिवे लागतात, आणि ७५० किलोच्या वर स्वतःचे ब्रेक.
- जोडणीचा गोळा युरोपात ५० मिलिमीटरचा, तर अमेरिकेत बहुधा २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. फरक एक मिलिमीटरहूनही कमी, पण अमेरिकी जोडणी युरोपी गोळ्यावर सैल बसते आणि वाटेत सुटू शकते.
- बदल करण्याआधी त्या देशाच्या वाहन नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. नियम बदलत असतात, आणि इथे केलेला बदल तिथे मान्य होईलच असं नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी उरण रस्त्यावर ट्रेलरमागे अडकलात की वैतागण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा जरा बघा. तुमची दुचाकी तेवढ्याच जागेतून जाते, आणि म्हणूनच कायदा सेंटिमीटर मोजत बसतो. परदेशात बोट किंवा ट्रेलर न्यायच्या विचारात असलेला कुणी ओळखीचा असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा!