हलणारा सूर आणि थांबलेला सूर : पेडल स्टील गिटारचा सोलो ओळखणं आणि उतरवणं

आजचा विषय आहे पेडल स्टील गिटार. त्यातला एकच भाग आपण घेणार आहोत : अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांत या वाद्याचा सोलो येतो, तो ओळखायचा कसा आणि ऐकून उतरवायचा कसा.

हे संगीत फारसं न ऐकलेल्यांनीही गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये रडवेल्या आवाजात वळत जाणारे ते सूर कुठे ना कुठे ऐकलेले असतात. आपल्याकडचा माणूस चटकन म्हणतो, "हवाईयन गिटार वाजतेय." हे अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजलं नाही, तर सोलोतले सगळे सूर बरोबर सापडतात, तरीही वाजवल्यावर तो सोलो वाटत नाही. शिकणारे बरेचदा इथेच कंटाळून सोडून देतात.

वाद्य काय करतं?

हवाईयन गिटार आपल्याला परकी नाही. व्हॅन शिपले यांनी तिच्यावर हिंदी चित्रपटगीतं वाजवली, पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्याच घराण्यातली मोहनवीणा जगभर नेली. या वाद्यांत डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकतो. बाराखालच्या सगळ्या तारा मग एकत्र चढतात, एकत्र उतरतात.

पेडल स्टील टेबलासारखी पायांवर उभी असते. कंट्रीत जी रचना सर्रास वापरतात, तिला ई नाइन्थ म्हणतात. तिच्यात दहा तारा. पडदे नसतात, पडद्यांच्या जागी नुसत्या रेषा काढलेल्या असतात. उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. डाव्या पायाखाली साधारणपणे तीन पेडलं, आणि गुडघ्यांनी ढकलायच्या खिट्ट्या वेगळ्या. पेडल दाबलं की ठराविक तारांचा सूर चढतो. बाकीच्या तारा आणि बार जागच्या जागी!

सरगममध्ये मांडू. बार तिसऱ्या रेषेवर ठेवला की जी, म्हणजे आपली पांढरी पाच, या पट्टीतला सा-ग-प मिळतो. 'ए' पेडल दाबलं की प चढून ध होतो. 'बी' पेडल दाबलं की ग चढून म होतो. दोन्ही दाबली की सा-म-ध, म्हणजे सी कॉर्ड. आता बघा, या सगळ्यात सा तसूभरही हलला नाही. एक सूर थांबलेला आणि त्याच्या अंगाला घासून दुसरा चढतोय, हा या वाद्याचा खरा आवाज.

आपला कान मींडेवर वाढलेला आहे. तो लगेच हलणाऱ्या सुरामागे धावतो. पण आपला कान तानपुऱ्यावरही वाढला आहे, स्थिर सुराशी हलता सूर ताडून बघायची सवय त्याला आहे. ती सवय इथे वापरायची. फरक एवढाच, की तानपुऱ्याचा सा मैफलभर तोच असतो, इथे कॉर्ड बदलली की थांबलेला सूर बदलू शकतो.

ओळखायचं कसं?

पहिली खूण, सुराची सुरुवात. उजव्या पायाने आवाज हळूच उघडला जातो, त्यामुळे तार छेडल्याचा ठोका लपतो आणि सूर व्हायोलिनसारखा उगवतो.

दुसरी खूण, थांबलेला सूर. दोन-तीन सूर एकदम वाजताहेत आणि सगळे मिळून सरकले, तर ते नुसत्या बाराचं काम, साध्या स्टील गिटारवरही होईल. त्यातला एकच हलला आणि बाकीचे थांबले, तर पेडल असण्याची शक्यता मोठी. बार तिरका धरून जुने वादक थोडंफार असं करत, पण त्याला मर्यादा आहेत.

तिसरी खूण, साल. १९५४ मध्ये वेब पिअर्सचं 'स्लोली' गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. पेडलं त्याआधीही होती, पण ती मुख्यतः तारांची जुळणी बदलायला वापरत. सूर चढताना ऐकू यावा म्हणून पेडल दाबणं, हे या गाण्यानंतर रूढ झालं. म्हणून हँक विल्यम्सच्या रेकॉर्ड्सवर डॉन हेल्म्सची स्टील ऐकताना पेडलं शोधत बसू नका. ती बिनपेडलची आहे.

एक फसवी जागाही सांगून ठेवतो. क्लॅरन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस साध्या इलेक्ट्रिक गिटारला एक युक्ती बसवली : गिटार खाली दाबली की पट्ट्याला ताण बसून एक तार चढते. ईगल्सच्या 'पीसफुल ईझी फीलिंग'मध्ये बर्नी लेडनची गिटार म्हणूनच स्टीलसारखी भासते. पण तिथे छेडल्याचा ठोका ऐकू येतो आणि सूर पडद्यावर नेमका बसतो. स्टीलचा बार किंचित थरथरत असतो.

उतरवायचं कसं?

पट्टी आणि कॉर्ड आधी. बास गिटार ऐका, कॉर्ड कुठे बदलते ते कागदावर लिहा. सोलो बहुधा गाण्याच्या चालीच्याच कॉर्डवर असतो, त्यामुळे निम्मं काम गायकाच्या ओळींवरूनच होतं. आणि हो, अनेक जुन्या गाण्यांत सोलो अर्धा स्टीलचा, अर्धा फिडलचा असतो. जोड कुठे आहे ते आधी ठरवा.

मग तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा शेवटचा सूर आधी शोधा. सुरुवात घाईत निसटते, विसावा सापडतो. वेग निम्मा करा, पण पट्टी बदलू देऊ नका, हल्ली साध्या मोबाइलवरही हे होतं.

आता मुख्य काम. तोच जी कॉर्ड या वाद्यावर तीन ठिकाणी मिळतो : तिसऱ्या रेषेवर बिनपेडलचा, सहाव्या रेषेवर 'ए' पेडल आणि एका खिट्टीसह, दहाव्या रेषेवर 'ए' आणि 'बी' दाबून. सूर तेच, मग वादक कुठे होता हे कसं कळणार? थांबलेला सूर सांगतो. सा थांबलाय आणि ग-प हे म-ध कडे चढताहेत, तर तिसरी रेषा. प थांबलाय आणि नि-रे चढून सा-ग वर येताहेत, तर दहावी. प थांबलाय आणि कोमल नि चढून सा होतोय, तर बहुधा सहावी.

चुकीच्या रेषेवर बसलात, तर तेच सूर गाठायला बार इकडून तिकडे पळवावा लागतो. ऐकणाऱ्याला घसरणं ऐकू येतं, चढणं नाही. म्हणून छापील सुरावट हाती आली तरी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. थांबलेल्या सुराची कसोटी तिलाही लावा.

उजव्या पायाचं पेडल सगळ्यात शेवटी. सूर पक्के होण्याआधी ते वापरलं की चुका झाकल्या जातात, आणि झाकलेली चूक सुधारत नाही.

सुरुवात कुठल्या गाण्याने करावी? आम्ही बक ओवेन्सचं १९६४ चं 'टुगेदर अगेन' सुचवतो. टॉम ब्रम्लीचा सोलो आहे. लय संथ, त्यामुळे काय हललं आणि काय थांबलं हे ऐकायला सवड मिळते.

वाजवलं कोणी?

हा प्रश्न किरकोळ नाही. त्या काळातल्या बहुतेक रेकॉर्ड्सवर गायकाचं नाव ठळक, साथीदारांची नावं छापलेलीच नसत. टॅमी वायनेटचं 'स्टँड बाय युअर मॅन' जगाला माहीत आहे, त्यातली स्टील पीट ड्रेकची हे किती जणांना माहीत असतं? गायक तोच म्हणून वादकही तोच, असंही धरता येत नाही. बक ओवेन्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत राल्फ मूनी आहे, नंतर ब्रम्ली. शिवाय नॅशव्हिलमध्ये स्टुडिओत एक जण वाजवी आणि दौऱ्यावर दुसराच, असं सर्रास होई. त्यामुळे कार्यक्रमाच्या चित्रफितीत दिसणारा हात रेकॉर्डवरचा असेलच असं नाही. चित्रफीत पाहून रेषा ठरवलीत तर वेगळ्याच माणसाचा सोलो शिकाल, आणि श्रेयही त्यालाच द्याल.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "वाद्यच आमच्याकडे नाही, मग हे आम्हाला काय उपयोगाचं?"

साधी गिटार असेल तर सी पट्टीत हे करून बघा. पहिली आणि दुसरी तार आठव्या पडद्यावर दाबून धरा : सा आणि प. तिसरी तार सातव्या पडद्यावर दाबा, तो रे. तिन्ही तारा एकदम छेडा आणि फक्त तिसरी बोटाने ओढून ग पर्यंत चढवा. बाकीच्या दोन हलता कामा नयेत. दहा वेळा केलंत की पुढच्या कंट्री गाण्यात हीच हालचाल कानाला आपोआप सापडेल. गिटारही नसेल तर दोघांनी गा : एकाने सा धरायचा, दुसऱ्याने प वरून ध वर सावकाश चढायचं. सा धरणाऱ्याचा मोह होतो सोबत चढायचा. तो आवरणं हाच पहिला धडा.