डीओआय मिळाला म्हणजे फाइल अमर झाली?

‘डीओआय घेतलाय, आता काळजी नाही,’ असं संशोधक सर्रास म्हणतात. हा गैरसमज सगळ्यांत चिवट, म्हणून आधी तोच घेऊ. ‘१०.’ने सुरू होणारा तो क्रमांक फाइल सांभाळत नाही. फाइलचा सध्याचा पत्ता त्या क्रमांकापुढे नोंदलेला असतो, आणि लिंक उघडली की वाचक तिथे पोचतो. संकेतस्थळ बदललं तर नवा पत्ता नोंदवायचा प्रकाशकाने किंवा भांडाराने. त्यांनी आळस केला, तर क्रमांक तेवढा उरतो. मार्टिन ईव्ह यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डीओआय असलेली ७० लाखांहून अधिक प्रकाशनं तपासली. त्यांतली सुमारे २८ टक्के, म्हणजे २० लाखांवर, एकाही मोठ्या डिजिटल अभिलेखागारात सापडली नाहीत. मूळ संकेतस्थळ बुडालं की तीही बुडणार.

म्हणून प्रश्न क्रमांकाचा नाही, फाइल कोणाच्या हवाली करतो याचा आहे. गूगल ड्राइव्ह हे त्याचं उत्तर नव्हे; दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं. सर्न ही प्रयोगशाळा २०१३पासून झेनोडो हे भांडार चालवते. ते मोफत आहे, कोणत्याही विषयाला खुलं आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली घेतं.

‘एकदा चढवलं की चूक सुधारता येत नाही’ हेही खरं नाही. झेनोडोवर सुधारित आवृत्तीला नवा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक असतो. आकडे ज्या आवृत्तीतून घेतले, संदर्भात तिचाच द्यावा. फाइल सगळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही: मुलाखतींच्या ध्वनिफिती बंद ठेवून नोंद तेवढी जाहीर करता येते.

डीओआय म्हणजे दर्जाची मोहोर, हा समज मात्र सोयीचा आहे, म्हणून टिकलाय. झेनोडोवर फाइल चढवताना तज्ज्ञ परीक्षण होत नाही.

आणि टिकाऊ लिंक म्हणजे डीओआयच असंही नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ प्रबंधांना ‘हँडल’ देतं. डीओआयही त्याच हँडल यंत्रणेवर चालतो. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत. पण संदर्भसूचीत अनेकदा एखाद्या प्रकरणाच्या पीडीएफचा ब्राउझरमधून उचललेला लांबलचक पत्ता दिसतो. नोंदीच्या पानावर ‘यूआरआय’समोर १०६०३ हा आकडा असलेली छोटी लिंक असते, द्यायची ती.