मुहुरी आणि मुदत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तरीही ज्याला ती चढावी लागते, त्याच्या दृष्टीला वकील दिसतो, न्यायाधीश दिसतात, फार तर पुकारा करणारा पट्टेवाला दिसतो. या पायरीच्या अलीकडे आणखी एक जागा असते, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे वकिलाचे कार्यालय. पक्षकाराचा हक्क सिद्ध होतो तो न्यायालयात, हे खरे. परंतु सिद्ध होण्याच्या दिवसापर्यंत तो जिवंत राहतो तो या कार्यालयात. तेथील कारभार कसा चालतो आणि तो नीट न चालल्यास काय घडते, याचा आज थोडा विचार करू.

या विचारासाठी कोलकात्याइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. तेथे १७७४ साली सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले आणि त्याच्याबरोबर इंग्लंडमधील वकिलीची रीत आली. पुढे १ जुलै १८६२ रोजी उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले. शहराचे नाव बदलले तरी या न्यायालयाने कलकत्ता हेच नाव राखले आहे. त्याची लाल रंगाची, उंच मनोऱ्याची इमारत १८७२ साली पुरी झाली. वॉल्टर ग्रॅनव्हिल या वास्तुविशारदाने ती बेल्जियममधील ईप्र गावच्या मध्ययुगीन कापडबाजाराच्या धर्तीवर बांधली. या इमारतीच्या आसपास, ओल्ड पोस्ट ऑफिस स्ट्रीटवर आणि पूर्वी हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किरण शंकर राय रस्त्यावर, वकिलांच्या कचेऱ्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

कोलकात्यात आणि आपल्या मुंबईतही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिलीचे दोन वर्ग होते. पक्षकाराला भेटणे, कागद तपासणे, दावा तयार करून दाखल करणे हे काम ॲटर्नीचे. मुंबईकर त्याला सॉलिसिटर म्हणत. न्यायासनापुढे उभे राहून युक्तिवाद करणे हे काम बॅरिस्टराचे. पक्षकाराने परस्पर बॅरिस्टराकडे जावयाचे नाही. ॲटर्नीने सर्व कागदांची क्रमवार जुळणी करून, त्यांना फीत बांधून तो गठ्ठा बॅरिस्टराकडे पाठवावयाचा. या गठ्ठ्याला ‘ब्रीफ’ म्हणत. त्यावर बॅरिस्टराची फी मोहरांत लिहिली जाई. मोहरेचे नाणे व्यवहारातून गेल्यावरही ही मोजणी चालूच राहिली. फीबरोबर कारकुनाचा वेगळा वाटाही मांडला जाई. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ॲटर्नीचा वर्ग रद्द झाला आणि १ जानेवारी १९७७ पासून कायद्याच्या दृष्टीने सर्व जण ॲडव्होकेट झाले. वर्ग गेला, पण त्याने लावलेली कचेरीची शिस्त मागे राहिली.

या कचेऱ्यांतून मोठी माणसे वावरली. स्वामी विवेकानंदांचे वडील विश्वनाथ दत्त हे याच न्यायालयाचे ॲटर्नी होते. १९११ साली कलकत्त्यात खेतान आणि कंपनी ही कचेरी स्थापन करणारे देवीप्रसाद खेतान पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे सदस्य झाले. परंतु कचेरी चालते ती केवळ धन्याच्या नावावर नव्हे. तेथे ‘मॅनेजिंग क्लार्क’ असतो. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा आणि त्याला किती मुद्रांक लागतो, हे त्याला मुखोद्गत असते. बॅरिस्टराचा ‘बाबू’ असतो. तो साहेबांचा दिवस आखतो. टंकलेखक असतो, हेलपाटे घालणारा शिपाई असतो आणि असतो मुहुरी. मुहुरी म्हणजे वकिलाचा लेखनिक. हा शब्द अरबी-फारसीतील ‘मुहर्रिर’ या शब्दापासून आला. वकील, दस्तऐवज, मुदत हे आपले शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आहेत. या वर्गातील एका तरुणाने या जगाला साहित्यात स्थान मिळवून दिले. ‘शंकर’ या नावाने लिहिणारे मणिशंकर मुखर्जी हे नोएल बारवेल या इंग्रज बॅरिस्टराचे कारकून होते. त्या नोकरीतील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले ‘कत अजानारे’ हे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले आणि बंगाली वाचकांनी ते आपलेसे केले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हक्काला आयुष्य असते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ते आयुष्य ठरवून दिले आहे. समजा, बडाबाजारातील एका व्यापाऱ्याने दहा ऑक्टोबरला माल पोचता केला आणि त्याची किंमत त्याला मिळाली नाही. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर दाव्यासाठी त्याला त्या दिवसापासून तीन वर्षे मिळतात. तिसऱ्या वर्षीचा दहा ऑक्टोबर दुर्गापूजेच्या दीर्घ सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्याच दिवशी दावा दाखल करण्याची सवलत कायदा देतो. मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्यास उपयोग नाही. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. दाव्याच्या बाबतीत ही वाट बंद आहे. शिवाय प्रतिवादीने मुदतीचा प्रश्न काढला नाही, तरी मुदतीबाहेरचा दावा काढून टाकणे न्यायालयाला भाग असते. पैसे खरे, माल खरा, देणेकरीही खरा. तरीही दावा मेलेला. जगातील उत्तमोत्तम वक्ता आणून उभा केला, तरी तो या मेलेल्या दाव्यात प्राण फुंकू शकत नाही.

याच व्यवहाराची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने आपल्या सहीने पत्र लिहून देणे मान्य केले असेल, तर त्या सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे टपालाने आलेला चार ओळींचा एक कागद बुडणारा दावा तारू शकतो. पण केव्हा? तो कागद आला त्या दिवशी बारनिशीत नोंदला गेला असेल, त्याच प्रकरणाच्या फायलीत लागला असेल आणि तीन वर्षांनंतर मागताक्षणी हाती आला असेल, तरच. हे काम वकिलाचे नव्हे. आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाचे आहे.

निकाल लागल्यानंतरही हीच कथा. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस मिळतात. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळविण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो. म्हणून नकलेसाठी अर्ज केव्हा केला आणि ती केव्हा तयार झाली, या तारखांना सोन्याचे मोल असते. मुहुरीने अर्ज चार दिवस उशिरा केला, तर ते चार दिवस पक्षकाराच्या खात्यातून गेले. व्यापारी स्वरूपाच्या वादांसाठी २०१५ साली झालेल्या कायद्याने तर प्रतिवादीच्या लेखी कैफियतीला समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त एकशेवीस दिवसांची मर्यादा घातली आहे. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्क उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले.

सरकारी कचेरीत फायलींच्या सहवासात अनेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. चांगल्या कचेरीची लक्षणे सर्वत्र सारखीच. तारखांची नोंदवही एकाच्या भरवशावर नसावी. दोघांनी ती स्वतंत्रपणे ठेवावी आणि रोज सायंकाळी ताडून पाहावी. शेवटच्या दिवसाबरोबरच त्याच्या महिनाभर आधीचा इशाऱ्याचा दिवसही नोंदवावा. पक्षकारांच्या आणि विरुद्ध पक्षांच्या नावांची अकारविल्हे सूची असावी, म्हणजे एकाच वादात दोन्हीकडची वकीलपत्रे घेतल्याचा प्रसंग ओढवणार नाही. पक्षकाराने ठेवावयास दिलेली मूळ खतपत्रे पोचपावतीवाचून कपाटाबाहेर जाऊ नयेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वेगळा असावा आणि तो केव्हाही दाखविता यावा. फडणीस हे नाव कर्तबगारीचे म्हणून मिरविणाऱ्या आपल्या समाजाला दफ्तराची थोरवी वेगळी सांगावयास नको.

या सेवकवर्गावर कायद्याने एक मोठा विश्वासही टाकला आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करावयाची नाही, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. परंतु १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तेच बंधन वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातले होते, याची जाणीव थोड्यांना असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे बंधन कायम आहे. कज्ज्यातील घराचे गुपित टंकलेखकाच्या कानांवर येते. ते तेथेच थांबते, म्हणून माणसे वकिलाशी मोकळेपणाने बोलू शकतात.

आज दावे संगणकावरून दाखल होऊ लागले आहेत आणि तारखा भ्रमणध्वनीवर कळतात. टंकलेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, कागदांची छाननी ही कामे बाहेरच्या कंपन्यांकडेही सोपविली जातात. परदेशांतील वकिलांसाठी अशी कामे भारतात होतात. अशा कंपन्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०१८ च्या निर्णयात एक रेषा आखली गेली: निव्वळ साहाय्याचे काम म्हणजे वकिली नव्हे, पण नाव काहीही दिले तरी काम मूलतः वकिलीचेच असेल, तर त्याला वकिलीचे नियम लागू होतील. साधने बदलोत, यंत्र आठवण करून देईल. परंतु कोणत्या कागदाने मुदत सुरू झाली आणि कोणत्या कागदाने ती वाढली, हे जाणत्या माणसालाच पाहावे लागेल आणि चूक झाल्यास उत्तर द्यावे लागेल ते वकिलालाच.

वकिलाच्या हयगयीचा भुर्दंड निरपराध पक्षकाराला बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक नावाच्या पक्षकाराच्या प्रकरणात म्हटले. वकील गैरहजर राहिल्याने निकाली निघालेले त्याचे अपील त्यामुळे पुन्हा चालू शकले. न्यायालयाचे हे औदार्य मोठे खरे; पण दाव्याच्या मुदतीपुढे ते पोहोचू शकत नाही, हे आपण पाहिलेच. तेथे पक्षकाराचे रक्षण नोंदवहीच करते. म्हणून वकील निवडताना त्याच्या वक्तृत्वाची चौकशी जरूर करावी. परंतु कचेरीत गेल्यावर आपला कागद कोणी घेतला, कोठे नोंदला आणि शेवटची तारीख कोणती लिहिली, हेही अवश्य विचारावे. वकिलांनीही ही नोंद करणाऱ्या माणसाचे वेतन ठरविताना, त्याच्या लेखणीवर कोणाचे घर आणि कोणाची शेती अवलंबून आहे, याचा हिशेब धरावा.