मौनाची किंमत

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उदयास आलेल्या क्वेकर पंथाची पारंपरिक उपासना बाहेरून पाहणाऱ्यास रिकामी वाटेल. तेथे पुरोहित नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. माणसे सुमारे तासभर निःशब्द बसतात. कोणास अंतःप्रेरणा झालीच, तर ती व्यक्ती उभी राहून थोडके बोलते आणि सभा पुन्हा मौनात विसावते.

हे मौन म्हणजे एकांतसाधना नव्हे. ते सामुदायिक श्रवण आहे. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यामागील श्रद्धा. साहजिकच सत्य कोणाच्याही मुखातून प्रकटू शकते. पंथाच्या कारभारातही म्हणूनच मतदान होत नाही. सभेचा एकंदर कौल ओळखून ठराव लिहिला जातो व त्यास सभेची संमती घेतली जाते.

ही पद्धत संथ आहे आणि त्या संथपणाची किंमत कधी कधी तिऱ्हाइतांना मोजावी लागते. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊनच्या काही क्वेकरांनी १६८८ साली गुलामगिरीचा लेखी निषेध केला. परंतु फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांस गुलाम बाळगण्याची पूर्ण बंदी करण्यास १७७६ साल उजाडले. मधल्या ८८ वर्षांचा हिशेब गुलामांनी चुकविला.

तथापि याच मौनात घडलेला जॉन वुलमन गुलाम बाळगणाऱ्या धर्मबंधूंच्या दारी जाऊन त्यांची मने वळवीत राहिला. १७७२ साली तो निवर्तला. बंदी त्याला पाहावयास मिळाली नाही. मौनाचे मोल त्यातून उठल्यावर माणूस कोणाच्या दारी जातो, यावरच ठरावयाचे.