शर्यतीचा सारथी : जॅकी स्टुअर्ट

अडतीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलेल्या शाळामास्तरानें मोटारींच्या शर्यतींवर भाषण करावें, याचें आपणांस नवल वाटलें असेल. मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं. परंतु ज्या गृहस्थाची हकीकत मी आज सांगणार आहें, त्याच्या चरित्राचा आरंभ शर्यतीच्या मार्गावर नसून शाळेच्या वर्गांत होतो. आणि तेथें मला बोलण्याचा अधिकार आहे, किंबहुना थोडा जबाबही द्यावयाचा आहे.

जॅकी स्टुअर्टचा जन्म ११ जून १९३९ रोजीं स्कॉटलंडमध्यें, डंबार्टनजवळील मिल्टन या गांवीं झाला. वडिलांचें मोटारींचें गॅरेज होतें, थोरला बंधु जिमी शर्यतींत गाडी चालवीत असे, आणि घर खाऊनपिऊन सुखी होतें. दुःख काय तें शाळेचें. वाचावयास उभें केलें कीं पानावरील अक्षरें त्याच्या डोळ्यांपुढें एकमेकांत गुंतून जात. तोंडांतून शब्द फुटत नसे, वर्गांत हंशा पिके, आणि मठ्ठ म्हणून त्याची गणना होई. शेवटीं शिक्षण अर्धवट टाकून तो वडिलांच्या गॅरेजमध्यें उमेदवारी करूं लागला.

या अवस्थेस डिस्लेक्सिया असें म्हणतात. यांत डोळे अधू नसतात, बुद्धीही उणी नसते. अक्षराची आकृति व तिचा ध्वनि यांची सांगड इतरांच्या मेंदूंत जशी विनासायास बसते, तशी या मुलांच्या मेंदूंत बसत नाहीं, एवढेंच. आपण ज्या ओळीवरून सहज नजर फिरवितों, ती ओळ त्यांना दगड फोडल्याप्रमाणें एकेक अक्षर करून फोडावी लागते. माझ्याही वर्गांत असा एक मुलगा होता. तोंडी हिशेबांत पहिला. पण वाचनमाला हातीं दिली कीं घामानें डबडबून जाई. तो सोंग करतो अशी माझी खात्री होती. मीं त्याला बांकावर उभें केलें, छड्याही मारल्या. डिस्लेक्सिया हा शब्द माझ्या कानीं पडला, तेव्हां तो शाळा सोडून केव्हांच गेला होता. असो.

स्टुअर्टला पहिला मान मिळाला तो बंदुकीनें. हवेंत उडविलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरण्याच्या खेळांत त्यानें मोठमोठीं बक्षिसें मिळविलीं. १९६० च्या ऑलिंपिक संघांतील जागा त्याच्या हातून थोडक्यांत निसटली. पुढें १९६४ मध्यें केन टिरल या संघचालकानें गुडवुड येथें त्याची परीक्षा घेतली. ब्रूस मॅक्लारेन या नामांकित चालकाहूनही या नवख्यानें कमी वेळांत फेरी पुरी केली. लगेच १९६५ सालीं तो ग्रां प्री शर्यतींत उतरला, आणि त्याच वर्षीं इटलींत मोंझा येथें त्यानें पहिला विजय मिळविला.

त्याचें हांकणें पाहणाऱ्यास संथ वाटे. शर्यतीपूर्वीं मनांतील खळबळ तो फुगलेल्या चेंडूंतील हवेप्रमाणें हळूहळू सोडून देई. वळणावर ब्रेक दाबण्यापेक्षां तो किती हलक्या पायानें सोडावा, यांत त्याचें कौशल्य होतें. कारण पाय झटकन् उचलला तर गाडीचा तोल जातो, आणि गेलेला तोल सांवरण्यांत वेळही जातो. जर्मनींतील न्यूरबर्गरिंगचा जुना मार्ग सुमारें २२.८ किलोमीटरांचा, रानांतून जाणारा, पावणेदोनशेच्या वर वळणांचा. वर्णमाला आपणांस क्रमानें म्हणतां येत नाहीं, पण त्या मार्गावरचें प्रत्येक वळण, कोठें ब्रेक लावावा व कोठें गिअर बदलावा यांसह सांगतां येतें, असें स्टुअर्ट म्हणत असे. १९६८ सालीं तेथें धो धो पाऊस आणि दाट धुकें असतां, मनगट दुखावलेलें असतां, दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला चार मिनिटांहून अधिक मागें टाकून तो जिंकला. ज्याला पान वाचतां येत नव्हतें, त्याला रस्ता मात्र असा मुखोद्गत होता.

परंतु माझ्या मतें त्याचें खरें मोठेपण या विजयांत नाहीं. त्यासाठीं दोन वर्षें मागें, १२ जून १९६६ या दिवसाकडे गेलें पाहिजे. बेल्जममध्यें स्पा येथील शर्यतीच्या पहिल्याच फेरींत अकस्मात् पाऊस कोसळला. ताशीं अडीचशे किलोमीटरांहून अधिक वेगांत असलेली स्टुअर्टची गाडी घसरून मार्गाबाहेर फेकली गेली. गाडीचा चेंदामेंदा झाला, तो आंत अडकला, आणि टाकी फुटून अंगावर पेट्रोल सांडूं लागलें. एक ठिणगी पडती तर सारें संपलें असतें. तेथें त्याला सोडविणारें पथक नव्हतें, हत्यारें नव्हतीं. ग्रॅहॅम हिल व बॉब बाँड्युरंट हे त्याचे प्रतिस्पर्धी, त्यांच्या गाड्याही तेथेंच घसरलेल्या. त्यांनीं एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि सुकाणूचें चाक काढून त्यास बाहेर ओढलें. यांत सुमारें पंचवीस मिनिटें गेलीं. मग प्रथमोपचाराच्या जागीं, सिगारेटींचीं थोटकें पडलेल्या जमिनीवर त्याला स्ट्रेचरसह ठेवण्यांत आलें. आणि इस्पितळाकडे निघालेली रुग्णवाहिका वाट चुकली!

त्यानंतर तो स्वतःच्या गाडींत सुकाणूजवळ एक पाना चिकटवून ठेवूं लागला. पण पाना हा एकट्यापुरता उपाय झाला. म्हणून त्यानें सर्वांकरितां मागण्या मांडल्या : कमरेस व खांद्यांस पट्टा, चेहरा झांकणारें शिरस्त्राण, मार्गाच्या कडेस कठडे, जागेवर डॉक्टर व आग विझविणारीं माणसें. आज या गोष्टी आपणांस उघड वाटतात. त्या काळीं मार्गांच्या मालकांना खर्च दिसला, आणि कित्येक लेखकांनीं त्याला भित्रा ठरविलें. मृत्यूची छाया गेली तर शर्यतींत राम काय राहिला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल बहुधा प्रेक्षकांत बसणाराच विचारतो! स्टुअर्टनें हेका सोडला नाहीं. चालकांच्या बहिष्कारामुळें १९६९ सालीं स्पा येथील शर्यत झाली नाहीं, आणि १९७० सालीं जर्मनीची शर्यत न्यूरबर्गरिंगहून हॉकनहाइमला न्यावी लागली.

या खटपटीस भित्रेपणा म्हणणाऱ्यांना त्याचे आंकडेच उत्तर देतात. १९६९, १९७१ व १९७३ असें तीन वेळां जगज्जेतेपद. २७ विजय, आणि हा विक्रम १९८७ पर्यंत अबाधित होता. तरी मृत्यूनें पाठ सोडली नाहीं. १९६८ सालीं मित्र जिम क्लार्क गेला, १९७० सालीं योखेन रिंट गेला. फ्रान्स्वा सेव्हेर हा त्याचा तरुण फ्रेंच साथीदार. आपली सारी विद्या त्याला देऊन स्टुअर्ट शंभराव्या शर्यतीनंतर निवृत्त व्हावयाचा होता, आणि हा बेत त्यानें पत्नीसही सांगितला नव्हता. ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं अमेरिकेंत वॉटकिन्स ग्लेन येथें सराव चालू असतां सेव्हेर कठड्यावर आदळून जागच्या जागीं ठार झाला. शिष्याच्या मृत्यूनंतर संघानें माघार घेतली. स्टुअर्टच्या नांवावर नव्व्याण्णव शर्यतीच राहिल्या.

१९८० सालीं मुलाची शाळेंतील अडचण तपासतांना बापाचीही परीक्षा झाली, आणि एकेचाळिसाव्या वर्षीं त्याला आपल्या अवस्थेचें नांव कळलें. बुडतांना कोणी बाहेर ओढावें तसें वाटलें, असें तो सांगतो. पुढें स्कॉटलंडमधील डिस्लेक्सियाविषयक संस्थेचें अध्यक्षपद त्यानें स्वीकारलें, आणि शिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांस ही अवस्था ओळखावयास शिकवावें, म्हणून तो खटपट करूं लागला. मला तें कोणी शिकविलें नव्हतें, आणि मींही कोणाला विचारलें नव्हतें. तो माझा हिशेबांतला पहिला मुलगा आतां पन्नाशीकडे झुकला असेल. त्याचा पत्ता मजपाशीं नाहीं.