नेट तुटतंय? आधी सॉकेट बघा

आज बोलू या विजेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटबद्दल.

डोंबिवलीत आमच्या बचत गटाचं काम एका जुन्या घरातून चालतं. राउटर पुढच्या खोलीत, हिशेबाचा संगणक मागे. मधल्या जाड भिंतींमुळे वाय-फाय पोहोचेना. म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणली. एक राउटरजवळ लावायचा, दुसरा संगणकाजवळ. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेतूनच माहितीचे संकेत जातात, नवी वायर ओढावी लागत नाही.

पण कर्जाचा अर्ज भरायला बसलो की नेट तुटायचं. तीनदा अर्ज अर्ध्यावर राहिला. गटाच्या बचतीतून नवा राउटर घ्यायचं ठरतच होतं, तेवढ्यात एकीच्या लक्षात आलं, "अगं, मसाल्याचा मिक्सर लावला की नेट जातं!"

मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश घासतात, ठिणग्या पडतात. त्याचा गोंगाट तारेत शिरतो आणि संकेत त्यात हरवतात. हलके चार्जर, काही एलईडी दिवेही असाच त्रास देतात.

मग तपासायचं कसं?

पहिलं, संगणक किंवा लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. तिथेही नेट तुटलं तर दोष राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. नीट चाललं तर अडॅप्टरकडे वळा.

दुसरं, अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्ड नको, स्पाइक गार्ड तर नकोच. तो गोंगाटाबरोबर संकेतही गाळतो.

तिसरं, दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत लावून बघा. तिथे चालले तर ते चांगले आहेत. घरात थ्री फेज असेल, तर दोन खोल्या वेगळ्या फेजवर असू शकतात. मग संकेत कमजोर होतो.

चौथं, उपकरणं एकेक बंद करून बघा.

पाचवं, शेजारीही असे अडॅप्टर असतील, तर पेअरचं बटण दाबून आपली जोडी स्वतंत्र बांधून घ्या. नाहीतर आपलं नेट त्यांच्यात मिसळू शकतं.

स्विचबोर्ड मात्र स्वतः उघडू नका. ते काम वायरमनचं.

आमचा अडॅप्टर मिक्सरच्याच एक्स्टेंशनवर होता. तो भिंतीत लावला, अर्ज भरेपर्यंत मिक्सर थांबवला आणि अर्ज गेला. खर्च शून्य. बचतीचा पैसा आपल्या घामाचा असतो. म्हणून खर्चाचा ठराव करण्याआधी कारण शोधायचं, एवढं लक्षात ठेवा.